कुतची बंदूक

मुळशी तालुक्यातल्या आमच्या आजोळी एक रायफल आहे. सगळं घर तिला 'कुतची बंदूक' म्हणतं. पणजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ते सापडले. परत आल्यावर सरकारने शौर्याबद्दल हीच रायफल त्यांना बक्षीस दिली, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

मामा गेल्यावर परवाना मामेभावाच्या नावावर करायची वेळ आली, आणि अर्जात बोअरचा रकाना आला. जुन्या परवान्यावरचा आकडा झिजून गेलेला. घरात सगळे तिला थ्री-नॉट-थ्री म्हणायचे. ते खरं निघालं असतं तर पंचाईत होती, कारण .३०३ हा लष्करी, म्हणजे निषिद्ध बोअर. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय तो खाजगी माणसाला ठेवता येत नाही. म्हणून ती पुण्यातल्या एका परवानाधारक विक्रेत्याला दाखवली. मीही बरोबर गेलो.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की लाकडाकडे बघू नका, लोखंड बघा. फौजी ली-एनफिल्डचं लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत जातं. शिकारीसाठी करताना ते अर्ध्यात कापतात, नळीवरचं झाकण काढतात. टोकाचं लोखंडी टोपण आणि संगीन अडकवायचा खुंटाही जातो. वजन कमी होतं आणि बंदूक एकदम साहेबी दिसायला लागते. पण चार्जर ब्रिज, म्हणजे पाच काडतुसांची पट्टी वरून खुपसायची लोखंडी कमान, आमच्या रायफलीवर तशीच होती. शिकाऱ्याला तिचा काय उपयोग? सैनिकाला आहे.

मग दस्ता जिथे लोखंडात बसतो, तिथे बोल्टच्या मुठीखाली पुसून पाहिलं. मुकुट, त्याखाली जी.आर., म्हणजे राजा पंचम जॉर्ज. मग बी.एस.ए. कंपनी, म्हणजे बर्मिंगहॅमचा कारखाना. साल १९१७. शेवटी शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क ३ आणि पुढे एक चांदणी. युद्धाच्या घाईत काही भाग गाळून ही रायफल सोपी केली, त्याची खूण ती चांदणी. शेजारी टोकाला टोक लावलेले दोन बाण. सरकारी मालाचा एक बाण. दोन समोरासमोर असले की माल सरकारने विकून टाकला.

मी १९१७ वरच अडकलो. कुत पडलं २९ एप्रिल १९१६ ला. सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी. ही रायफल तेव्हा जन्मालाही आली नव्हती! शिवाय फौजेत रायफल सैनिकाची कधीच नसते. नंबरावर मिळते आणि नंबरावर कोतमध्ये जमा होते.

उरला बोअरचा प्रश्न. अंगावरचा आणि बोल्टवरचा नंबर एकच होता, नळीवरचा मात्र वेगळा. म्हणजे नळी मागाहून बदललेली. मापली तेव्हा .३१५ भरली. ८ मिलिमीटर. .३०३ म्हणजे ७.७. फरक ०.३ मिलिमीटरचा, पण कायद्याच्या दृष्टीने सगळा खेळ तेवढ्यातच!

हा फरक इंग्रजांनी मुद्दाम घातलेला. सैन्याचं काडतूस लोकांच्या बंदुकीत चालता कामा नये, ही त्यांची भीती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, पुढे तिथे .३०३ ची काडतुसं बनू लागली. ती बाहेर फुटली तर? म्हणून लोकांना .३०३ बंद झालं. मग बंदूकवाल्यांनी ऑस्ट्रियाचं ८ मिलिमीटरचं मॅन्लिखर काडतूस घेतलं आणि ली-एनफिल्डच्याच अंगावर त्याची नळी चढवली. स्वातंत्र्यानंतर आपल्या ईशापूरच्या कारखान्यानेही हीच .३१५ स्पोर्टिंग रायफल विकली. साहेब गेला, पण लोकांवरचा अविश्वास आपण ठेवून घेतला. (तो चूक की बरोबर, यावर घरात अजून वाद चालू आहे.)

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. आता ती आंबेमोहराच्या खाचरात शिरणाऱ्या डुकरांवरही मनाला येईल तशी चालवता येत नाही. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, एवढंच तिचं फिरणं.

मामेभाऊ थोडा हिरमुसला. मला मात्र वाटतं, आजोबांचे ते काका कुतहून जिवंत परतले हीच मोठी गोष्ट आहे. वेढ्यात उपासमार, मग वाळवंटातली चाल, मग कैद. हजारो परत आले नाहीत. बक्षिसाच्या बंदुकीपायी आम्ही त्या अडीच वर्षांबद्दल कधी कुणाला विचारलंच नाही, आणि सांगणारी पिढी गेली.

नातेवाईक मंडळींपैकी कुणाच्या ट्रंकेत त्यांचं पदक, पेन्शनचा कागद, एखादं पत्र असेल तर जरूर कळवा. रायफल आता ओळखली. माणूस ओळखायचा राहिलाय.