एक्स, वाय आणि पिठातली अळी : पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीचा इतिहास

शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील एक आकृती बहुतेकांच्या लक्षात राहते. वर आई आणि वडील. आईच्या खाली दोन एक्स, वडिलांच्या खाली एक एक्स व एक वाय. मधून एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषा आणि तळाशी दोन मुली, दोन मुलगे. परीक्षेत हमखास विचारली जाणारी ही आकृती इतकी सोपी दिसते की ती कुणाला तरी शोधून काढावी लागली असेल, हे मनातही येत नाही. प्रत्यक्षात ती ज्या शोधावर उभी आहे, त्याला जेमतेम १२० वर्षे झाली आहेत. त्यापूर्वीची दोन हजार वर्षे माणूस या प्रश्नाचे उत्तर अंदाजानेच देत होता.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते बीजाची उष्णता पुरेशी असली की मुलगा होतो, ती कमी पडली की मुलगी. आयुर्वेदाच्या संहितांत शुक्राचे आधिक्य झाल्यास पुत्र आणि आर्तवाचे आधिक्य झाल्यास कन्या, असे उत्तर आहे. पुंसवन संस्कार गर्भधारणेनंतर करावयाचा, कारण गर्भाचे लिंग तोवर पालटता येते असा त्यामागील समज. या सर्व उत्तरांत एक गोष्ट समान होती. लिंग हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती परिस्थिती बहुतांशी स्त्रीच्या देहात घडते. साहजिकच मुलगाच झाला नाही, तर जबाबदार कोण, हेही ठरलेलेच होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातील विज्ञानही यापासून फार दूर गेले नव्हते. १८८९ मध्ये पॅट्रिक गेडिस आणि जे. आर्थर थॉमसन यांचा 'द इव्होल्यूशन ऑफ सेक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भरपूर पोषण मिळाले की मादी आणि पोषण तुटपुंजे असले की नर, असे त्यातील प्रतिपादन होते. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. ते मुंबईत शिकवू लागले तेव्हा त्यांच्या पुस्तकातील या सिद्धान्ताचा पाया ढासळून चौदा वर्षे लोटली होती.

तो ढासळवणाऱ्या शोधाची सुरुवात मात्र एका गोंधळातून झाली. १८९१ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ हेर्मान हेन्किंग एका ढेकणवर्गीय किड्याच्या शुक्रपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. निम्म्या पेशींत एक जादा घटक दिसत होता, निम्म्यांत नव्हता. तो काय आहे हे न कळल्याने त्याने त्याला 'एक्स' म्हटले. बीजगणितातल्या अज्ञातासारखे. अमेरिकेतील कॅन्सस येथे क्लॅरेन्स मॅक्लंगने नाकतोड्यांवर काम करताना १९०१-०२ मध्ये या घटकाचा संबंध लिंगाशी जोडला. ही झेप मोठी होती, पण दिशा उलटी. ज्या शुक्रपेशीत तो घटक असतो तिच्यापासून नर जन्मतो, असे त्याने मानले.

कोडे सुटले ते नेटी स्टीव्हन्सच्या टेबलावर. १८६१ मध्ये व्हर्मोंट राज्यात जन्मलेली ही स्त्री कित्येक वर्षे शाळेत शिकवत होती. पैसे साठवून तिने स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला तेव्हा ती पस्तिशीची होती. १९०३ मध्ये तिला ब्रिन मॉर महाविद्यालयातून डॉक्टरेट मिळाली आणि पाठोपाठ कार्नेगी संस्थेचे अनुदान. ज्या वयात तिच्या पिढीतले संशोधक विभागप्रमुख होऊन बसलेले असत, त्या वयात तिचे संशोधन सुरू होत होते.

तिने निवडलेल्या कीटकांपैकी एक होता टेनेब्रिओ मॉलिटर. साठवलेल्या पिठात आणि धान्यात जिच्या अळ्या होतात, ती भुंगेऱ्याची जात. मादीच्या पेशीत तिने वीस मोठी गुणसूत्रे मोजली. नराच्या पेशीत एकोणीस मोठी होती आणि एक अगदी छोटे. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत ते छोटे गुणसूत्र जात होते, निम्म्यांत त्याचा मोठा जोडीदार. अंडपेशी मात्र सगळ्या सारख्या. म्हणजे छोटे गुणसूत्र आले तर नर, मोठे आले तर मादी. उष्णता नाही, अन्न नाही, आईची प्रकृती नाही. १९०५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातील एडमंड विल्सननेही स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष मांडला. श्रेय दोघांचे आहे, यात वाद नाही. पण विल्सन परिस्थितीच्या प्रभावाला अद्याप जागा ठेवून बोलत होता. स्टीव्हन्सचा पुरावा अधिक नेमका होता आणि विधानही अधिक ठाम. पुढे काय झाले ते विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडते. १९१२ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. तिचे ब्रिन मॉरमधील शिक्षक टी. एच. मॉर्गन यांना गुणसूत्रांच्या संशोधनासाठी १९३३ मध्ये नोबेल मिळाले. मॉर्गनचे नाव विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेले असते. स्टीव्हन्सचे क्वचितच.

कीटकांवरून माणसावर येताना तर विज्ञान चांगलेच अडखळले. १९२३ मध्ये थिऑफिलस पेंटरने माणसातही एक्स आणि वाय असल्याचे दाखवले. त्यासाठीच्या पेशी त्याने टेक्सासमधील एका मनोरुग्णालयातील पुरुषांच्या वृषणांतून मिळवल्या होत्या. त्या काळच्या संशोधनाची ही बाजू पाठ्यपुस्तकांत कधीच येत नाही. पेंटरने माणसाच्या गुणसूत्रांची संख्या ४८ सांगितली. आधी तो ४६ की ४८ असा घुटमळला होता आणि अखेर चुकीच्या बाजूला झुकला. पुढची तीस वर्षे जगभरचे विद्यार्थी ४८ हाच आकडा घोकत राहिले. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे, जावात जन्मलेल्या जो हिन त्जिओने स्वच्छ पसरवलेल्या पेशींत ४६ गुणसूत्रे मोजली, तेव्हा कुठे तो आकडा सुटला.

दुसरी चूक अधिक खोल होती. मॉर्गनच्या प्रयोगशाळेतील कॅल्व्हिन ब्रिजेसने फळमाशीत दाखवले होते की दोन एक्स आणि एक वाय असली तरी माशी मादीच होते. म्हणजे माशीत वाय लिंग ठरवत नाही. मग माणसातही तसेच असणार, असे गृहीत धरले गेले. १९५९ मध्ये एडिंबरोत पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांना एक्स-एक्स-वाय गुणसूत्रे असलेला पुरुष आढळला. त्याच वर्षी एकच एक्स असलेली स्त्रीही नोंदवली गेली. माणसात निर्णायक ठरते ते वाय, हे ज्ञान इतके अलीकडचे आहे. कोंबडीत तर पिलाचे लिंग मादीच्या अंड्यावर ठरते. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यांच्यात ते वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या. अ‍ॅरिस्टॉटलची उष्णता कासवापुरती खरी निघाली, फक्त उलट्या बाजूने.

हे ज्ञान आपल्या वर्गांत आले ते एका विशिष्ट रूपात. लैंगिक विषयांवर मराठीत मोकळेपणाने लिहिण्याची किंमत र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' चालवताना मोजली होती. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्राने मनाई केली. गुजरात, मध्य प्रदेश आणि कर्नाटकही त्या रांगेत होते. गुणसूत्रांच्या पाठाला मात्र कुणी हात लावला नाही. एक्स आणि वाय ही दोन अक्षरे सभ्य आहेत. त्यांना देह नाही. शरीराचा उल्लेख टाळून लिंगाविषयी बोलण्याची सोय त्यांनी शिक्षकांना करून दिली, आणि या पाठाच्या लोकप्रियतेचे निम्मे रहस्य बहुधा इथेच आहे.

उरलेले निम्मे कारण अधिक गंभीर आहे. मुलीच होतात म्हणून सुनेला छळणाऱ्या, दुसरे लग्न लावू पाहणाऱ्या घरांना विज्ञानाने दिलेले थेट उत्तर या आकृतीत आहे. आईकडे वाय नसतोच. तो आला तर वडिलांकडूनच येणार. नवव्या-दहाव्या इयत्तेतील मुलीच्या हाती शाळा देते अशी इतकी उपयोगी वाक्ये फार थोडी. त्यात एक उणीव राहते, ती अशी की दोष सासूच्या जिभेवरून उठून फक्त बापाच्या माथी जातो. कोणती शुक्रपेशी पुढे पोहोचेल हे बापाच्याही हाती नसते आणि मुलगी होणे हा दोषच नव्हे, या दोन गोष्टी आकृतीत मावत नाहीत. त्या शिक्षकाने बोलाव्या लागतात.

दुर्दैव असे की त्याच ज्ञानाने उलटा मार्गही खुला केला. १९५० च्या दशकात गर्भजलातील पेशी तपासून लिंग ओळखता येऊ लागले आणि १९७० च्या दशकात ते तंत्र भारतात पोहोचले. आनुवंशिक व्याधी शोधण्यासाठी आलेली चाचणी मुली नाकारण्यासाठी वापरली गेली. मुंबईतील स्त्री-संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांच्या लढ्यानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगपरीक्षणाविरुद्ध कायदा केला. देशातील तो पहिला; केंद्राचा कायदा १९९४ चा. तोवर सोनोग्राफी आली होती आणि गुणसूत्रे पाहण्याची गरजच उरली नव्हती. शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. आकृती पाठ करणारी पिढी मोठी होत होती, त्याच वर्षांतले हे आकडे आहेत.

राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात टर्नर आणि क्लाइनफेल्टर ही नावे येतात, पण विकारांच्या यादीत. आकृतीतल्या दोन चौकटींबाहेरही माणसे जन्मतात, हे तिथून कळते खरे, पण ती माणसे जगतात कशी, हे कळत नाही. स्पेनची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो हिला १९८५ मध्ये कोबे येथे कळले की तिची गुणसूत्रे एक्स-वाय आहेत. तिचे शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसादच देत नव्हते. ती स्त्री म्हणूनच वाढली होती. परत धावण्याचा हक्क मिळवायला तिला तीन वर्षे लागली. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले.

वाय गुणसूत्रावरील निर्णायक जनुक, एसआरवाय, १९९० मध्ये लंडनमध्ये सापडले. ते शोधणाऱ्या गटात अँड्र्यू सिंक्लेअर होते. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला याच जनुकाची चाचणी सक्तीची केली. महिलांच्या स्पर्धेची निकोपता राखण्यासाठी ती आवश्यक आहे, असे संघटनेचे म्हणणे. त्यावर जाहीर आक्षेप घेणाऱ्यांत स्वतः सिंक्लेअर आहेत. हे जनुक आहे की नाही एवढेच चाचणी सांगते, ते शरीरात काय करते आहे हे नाही, असा त्यांचा मुद्दा आहे.