पाठ्यपुस्तकाचा अभ्यास : टिपणे व उजळणी

पाठ्यपुस्तकातील मजकूर नीट समजावा व दीर्घकाळ आठवणीत राहावा, यासाठी वाचकाने करावयाच्या कृतींची पद्धती. धडा आधी चाळणे, प्रश्न काढणे, टिपणे घेणे, पुस्तक मिटून आठवणे व अंतराअंतराने उजळणी करणे या तिच्यातील मुख्य कृती होत. पाठांतरात शब्द जसेच्या तसे राखायचे असतात; येथे अर्थ आणि मांडणी राखायची असते. शिक्षणशास्त्रात हा विषय अध्ययनकौशल्यांखाली येतो. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः स्मृतीच्या मानसशास्त्राच्या अंगाने केला आहे.

पूर्वपीठिका : वैदिक पठणपरंपरेत पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी संहिता लेखी आधाराशिवाय राखली गेली, मात्र तो पाठांतराचा प्रांत आहे. अर्थग्रहणासाठी श्रवण, मनन व निदिध्यासन हा क्रम सांगितला जाई. यूरोपात वाचनातील निवडक उतारे विषयवार वहीत उतरवून ठेवण्याची रीत होती. अशा वहीची सूची कशी करावी, याची पद्धत जॉन लॉक याने १६८६ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली.

स्मृतीवरील प्रयोग : या विषयाचा प्रायोगिक पाया जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) याने घातला. प्रयोगकर्ता आणि प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला हे मोजायचे, अशी त्याची रीत होती. १८८५ च्या त्याच्या ग्रंथानुसार ही बचत सुमारे २० मिनिटांनंतर ५८%, एका दिवसानंतर ३४% आणि ३१ दिवसांनंतर २१% भरली. ‘महिन्याने २१% मजकूर आठवतो’ असा या आकड्यांचा अर्थ अनेक अभ्यासमार्गदर्शक पुस्तके देतात, तो चुकीचा आहे. हे आकडे पुन्हा शिकताना वाचलेल्या श्रमाचे आहेत, शिवाय अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतो. याच ग्रंथातील दुसरे निरीक्षण विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाचे आहे : एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांइतका परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधला.

आर्थर गेट्स याने १९१७ मध्ये शाळकरी मुलांवर प्रयोग केले. अभ्यासाच्या वेळेचा बराच मोठा भाग वाचण्याऐवजी न पाहता म्हणून पाहण्यात घालवणाऱ्या मुलांच्या अधिक लक्षात राहिले. हर्बर्ट स्पिट्झर याने १९३९ मध्ये आयोवा राज्यातील सहावीच्या ३,६०५ विद्यार्थ्यांना माहितीपर उतारे वाचायला दिले. वाचनानंतर लगेच चाचणी दिलेल्यांची विस्मृती पुढे बरीच कमी आढळली. शाळांना या निष्कर्षाची गरज होती, तरी तो कित्येक दशके मागे पडला. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये तो पुन्हा पुढे आणला. त्यांच्या एका प्रयोगात एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून उरलेली तीन सत्रे आठवून लिहिण्यात घालवली. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता (८३% विरुद्ध ७१%). आठवड्याने दुसरा गट पुढे गेला (६१% विरुद्ध ४०%). पुनर्वाचनाने धडा ओळखीचा होतो आणि ‘आले’ असे वाटते. या समाधानामुळेच विद्यार्थी पुढची पायरी चुकवतात.

रॉबिन्सनची पद्धती : ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन याने १९४६ मध्ये मांडलेली ‘एस-क्यू-थ्री-आर’ ही पद्धती सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तिच्या पायऱ्या पाच : चाळणे, प्रश्न, वाचन, कथन व उजळणी. आधी शीर्षके आणि सारांश पाहून धड्याचा आवाका घ्यायचा. मग एकेका शीर्षकाचा प्रश्न करायचा. ‘मृदेची धूप’ या शीर्षकाचा ‘धूप कशामुळे होते व कशी रोखतात?’ असा. उत्तर शोधत तेवढाच भाग वाचायचा, नजर पुस्तकावरून काढायची आणि उत्तर आपल्या शब्दांत सांगायचे. टिपण येथे घ्यायचे : भाग वाचून झाल्यावर, आठवणीतून, मोजक्या शब्दांत. वाचता वाचता वाक्ये उतरवणे रॉबिन्सनला मान्य नव्हते, आणि पद्धतीचे मर्म याच अटीत आहे. एकूण पद्धतीच्या परिणामकारकतेविषयीचे निष्कर्ष संमिश्र असले, तरी कथनाच्या पायरीला वर उल्लेखिलेल्या प्रयोगांचा भक्कम आधार आहे.

टिपणांचे प्रकार : कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक याने प्रचारात आणलेल्या मांडणीत पानाच्या डावीकडे सुमारे अडीच इंचांचा स्तंभ प्रश्नांसाठी, उजवीकडचा सहा इंचांचा टिपणांसाठी आणि तळाची पट्टी सारांशासाठी असते. उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, हा तिचा खरा उपयोग. टिपणे हाताने घ्यावीत की संगणकावर, याविषयी मतभेद आहेत. जॉन डन्लॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा अभ्यासतंत्रांची छाननी केली. तीत ओळी अधोरेखित करणे आणि पुनर्वाचन यांना कमी उपयुक्त, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराने अभ्यास करणे यांना अत्यंत उपयुक्त ठरवले आहे.

उजळणीचे अंतर : परीक्षा जितकी दूर, तितके दोन उजळण्यांतील अंतर मोठे ठेवणे लाभाचे. झेबास्टियान लाइट्नर याने १९७२ मध्ये सुचवलेल्या पेटीत प्रश्नपत्ते असतात. बरोबर आलेला पत्ता पुढच्या कप्प्यात जातो व उशिरा समोर येतो. चुकलेला पहिल्या कप्प्यात परततो.

आकृत्या, नकाशे व गणित : येथेही न पाहता आठवणे हीच मुख्य कृती असते : सोडवलेले उदाहरण झाकून पुन्हा सोडवायचे, आकृती वा नकाशा न पाहता काढायचा.

महाराष्ट्रातील स्थिती : बालभारतीच्या (स्थापना १९६७) पाठ्यपुस्तकांत धड्याअखेर ‘स्वाध्याय’ असतो. त्यातील प्रश्न वाचनापूर्वी चाळले आणि वाचनानंतर पुस्तक मिटून सोडवले, तर या पद्धतीतील बहुतेक पायऱ्या वेगळ्या साधनाशिवाय पार पडतात. बाजारातील गाइडांतून त्याच प्रश्नांची तयार उत्तरे उतरवून घेतल्यास आठवण्याची पायरी गळते आणि स्वाध्याय हे केवळ हस्तलेखन उरते. शिक्षकांनी भरलेली वही तपासण्याऐवजी पुस्तक मिटून उत्तर विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.