खजुरीचे झाड : एका नाणे-चिन्हाचे दोन अर्थ
नाणी ही राजसत्तेची अधिकृत भाषा होय. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचा पाडाव झाल्यानंतर रोमन सम्राट व्हेस्पाझिअनने इ. स. ७१ मध्ये ‘जूडिया काप्टा’ (जिंकलेला जूडिया) असा लेख असलेली सेस्टर्शियस नाणी पाडली. त्यांच्या दर्शनी बाजूस सम्राटाचे मुख, तर मागील बाजूस खजुरीच्या झाडाखाली शोकमग्न बसलेली स्त्री दिसते. झाड हे जूडियाचे, तर स्त्री ही पराभूत प्रजेचे प्रतीक. पुढे बार कोखबाच्या उठावात (इ. स. १३२-१३५) बंडखोरांनी रोमन अमलातील प्रचलित ब्राँझ नाण्यांवरच आपले ठसे मारले. त्यांत एका बाजूस तेच झाड, दुसऱ्या बाजूस जेरुसलेमच्या स्वातंत्र्याचा लेख आढळतो. तात्पर्य, चिन्हाचा अर्थ ते पाडणाऱ्या हातावर अवलंबून असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम तो हात ओळखणे अगत्याचे ठरते.