'समर असोसिएट' म्हणजे काय? 10 आठवड्यांत कशी ठरते वकिलाची नोकरी?

अमेरिकेत कायद्याची 'जेडी' पदवी तीन वर्षांची असते. दुसरं वर्ष संपलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक विद्यार्थी मोठ्या लॉ फर्ममध्ये साधारण 10 आठवडे काम करतात. त्यांनाच 'समर असोसिएट' म्हणतात.

काम काय असतं?
जुने निकाल शोधणं, टिपणं लिहिणं, करार तपासणं. सनद नसल्यामुळे ते अशिलाला स्वतंत्रपणे सल्ला देऊ शकत नाहीत.

पैसे किती मिळतात?
बड्या फर्म बहुधा नव्या वकिलाच्या पगाराच्या हिशोबानं पैसे देतात. वार्षिक पगार 2 लाख 25 हजार डॉलर असेल, तर आठवड्याला सुमारे 4,300 डॉलर.

मग ताण कशाचा?
पार्टनरसोबतच्या जेवणातही वागणं पाहिलं जातं. शेवटी ऑफर मिळाली, तर पदवीनंतरची नोकरी पक्की. नाही मिळाली, तर शैक्षणिक कर्ज डोक्यावर आणि पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच: ऑफर का मिळाली नाही?

भारतात काय?
बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. मानधनाची सक्ती मात्र त्यात नाही.