बिलावरचा धर्मादाय: पैसे कुणाचे आणि हिशेब कुणाकडे?

आजचं व्याख्यान एका बिलापासून सुरू करू या.

परवा आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो होतो. सामान मोजून झालं, रक्कम झाली ४९३ रुपये. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, पाचशे करू का? वरचे मुलांच्या शिक्षणासाठी जातात." मागे रांग उभी होती. आम्ही मान हलवली. घरी येऊन बिल पाहिलं, तर शेवटी एक ओळ होती: डोनेशन, ७ रुपये. कुठल्या संस्थेला, कुठल्या गावात, काहीच नाही. पुढच्या खेपेला मुद्दाम विचारलं, तर ती बिचारी म्हणाली, "ते वरून येतं सर, आम्हाला नाही सांगत."

सात रुपयांचं काही वाटत नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती ओळ पाहून गप्प बसवत नाही. ही पद्धत परदेशातून आली असं आपण ऐकतो. संगणक आणि कार्डाचं मशीन तिकडून आलं असेल. व्यवहार करताकरता दानाचे चार पैसे वळते करण्याची रीत मात्र आपल्या बाजारपेठांत फार जुनी आहे. तिचं नाव धर्मादाय. हिंदी पट्ट्यात धर्मादा म्हणतात, गुजराती व्यापारी लागो म्हणत. आज आपल्याला एवढंच पाहायचं आहे, की बिलावर अशी ओळ आली की तो पैसा नेमका कुणाचा होतो? गिऱ्हाइकाचा, दुकानदाराचा, की ज्याच्या नावाने घेतला त्याचा? या प्रश्नावर आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं वाद झाले आहेत, आणि त्याचं उत्तरही मिळालेलं आहे. आपण ते विसरलो आहोत.

आधी मुंबईत जाऊ. साल १८३२. कंपनी सरकारच्या पोलिसांनी शहरातली भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे माणसं घरांच्या आवारात शिरूनही कुत्री ओढून नेऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे, आणि हे घडलं त्यांच्या सणाच्या सुमाराला. जूनच्या सुरुवातीला दंगा झाला, दुकानं बंद झाली, किल्ल्यातले व्यवहार थांबले. जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनाही ही हत्या सहन होण्यासारखी नव्हती.

त्यातून १८३४ साली मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीशा अमीचंद ही त्यामागची मोठी नावं. भुलेश्वरला आजही ती आहे, आणि चेंबूरच्या एका चौकाला तर तिचंच नाव पडलं आहे. आता विचार करा, हजारो जनावरं रोज पोसायची म्हणजे एकदाच दिलेल्या देणगीने भागत नाही. चारा रोज लागतो. म्हणून व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर लागा बसवला. माल विकला गेला की ठरलेली छोटी रक्कम पांजरापोळीच्या खात्यात. सरकारी हुकूम नाही, शिपाई नाही. व्यापारी एकमेकांना ओळखत होते आणि चोपडीत वेगळं खातं असायचं, त्यावर सगळं चालत होतं.

ही पद्धत देशभरच्या पेठांत होती. गोशाळा, धर्मशाळा, पाणपोया, अन्नछत्रं, पाठशाळा अशा कितीतरी संस्था या चिल्लरीवर चालल्या. तेव्हा धर्मादाय म्हणजे लबाडी, असं म्हणायला आम्ही इथे आलेलो नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण उगीच म्हणत नाही. एका माणसाला न जाणवणारी रक्कम हजारो व्यवहारांतून जमा झाली की तिच्यावर शंभर-दोनशे वर्षं चालणारी संस्था उभी राहते, हे मुंबईने दाखवून दिलं आहे.

पण आता त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. मुंबई बंदरात आलेला कापूस पिकत कुठे होता? वऱ्हाडात, खानदेशात. तिथला शेतकरी बैलगाडी भरून अमरावतीला, खामगावला, कारंज्याला यायचा. अडत्याकडे माल टाकायचा. हिशेबाची पट्टी हातात पडायची तेव्हा भावातून एकेक गोष्ट वजा झालेली असायची: अडत, हमाली, तोलाई, कडता, नमुना म्हणून काढलेला माल, आणि या रांगेत कुठेतरी धर्मादाय.

त्याला कुणी विचारलं होतं का? नाही. आपल्याला निदान "पाचशे करू का" असं विचारतात. त्याच्या पट्टीवर रक्कम आधीच कापलेली असायची. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पुढच्या हंगामात त्याच अडत्याकडे उचल मागायला यायचं होतं. पैसा गेला शेतकऱ्याचा, आणि धर्मशाळेच्या दारावरच्या संगमरवरी पाटीवर नाव लागलं शेठजींचं. शेठजींनी पदरचंही पुष्कळ दिलं असेल, ते नाकारायचं कारण नाही. पण पाटीवर त्या गाडीवानांचं नाव कुठेच नाही, आणि जमलेल्यातलं किती खरोखर गोशाळेत पोचलं हे विचारायचा त्यांना अधिकारही नव्हता.

बाजारांवर नियम आले ते या कपातींच्या गोंधळातून. कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. यात शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा इंग्लंडच्या गिरण्यांना सरळ कापूस मिळावा ही काळजी जास्त होती, हेही सांगून टाकू. पुढे १९२८ साली शाही शेती आयोगाचा अहवाल आला. त्यात शेतकऱ्याच्या पैशातून होणाऱ्या अशा कपातींची दखल घेतली गेली, धर्मादायाच्या कपातीचीसुद्धा. मुंबई प्रांताचा शेतमाल बाजारांचा कायदा १९३९चा, महाराष्ट्राचा १९६३चा. बाजार समितीच्या नियमात बसत नाही ती कपात पट्टीवर नको, हे तत्त्व असं हळूहळू रुजत गेलं.

ही झाली एक बाजू: पैसे घेताना संमती होती का? दुसरी बाजू त्याहून अवघड आहे. पैसे घेतल्यावर ते कुणाचे?

इथे एक मजेदार खटला आहे. रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई. मुंबई उच्च न्यायालयातून हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेला आणि १८९९ साली निकाल लागला. एका हिंदू गृहस्थांनी मृत्युपत्रात संपत्ती 'धरम' करण्यासाठी ठेवली होती. न्यायाधीशांनी विल्सनचा शब्दकोश काढला. त्यात धरम म्हणजे कायदा, सद्गुण, कर्तव्य असे अर्थ. मग ते म्हणाले, हा शब्द इतका मोघम आहे की न्यायालय त्याची अंमलबजावणी करू शकत नाही, दान रद्द. आपल्याकडच्या कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारलं असतं तर त्याने धर्माच्या खात्यातून काय खर्च करायचं ते सांगितलं असतं. पण शब्दकोशात बाजार नसतो.

या निकालाचा त्रास पुढे पन्नास वर्षं झाला. हेतू मोघम असेल तर विश्वस्त निधी टिकत नाही, आणि निधी टिकत नसेल तर पैसे ज्याच्या हातात आहेत तो मोकळा. धर्माच्या नावाने जमवलेल्या पैशाला कुणी वालीच नाही, अशी अवस्था.

याला उत्तर दिलं मुंबई राज्याने, १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने. धर्मादाय आयुक्त हे पद आपल्या सगळ्यांच्या माहितीचं आहे, मंडळाची किंवा देवळाची नोंदणी करायची तर त्यांच्याकडे जावं लागतं. तो हा कायदा. त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलं, की धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य असा हेतू असला तर केवळ मोघमपणाच्या कारणावरून निधी रद्द समजायचा नाही. आणि कलम ५४ तर आपल्या बिलावरच्या ओळीबद्दलच आहे. व्यापारातल्या रिवाजाने किंवा व्यवहारातल्या कराराने, कुठल्याही नावाखाली, धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी म्हणून रक्कम घेतली, तर ती घेणारा त्या रकमेचा विश्वस्त होतो. मालक होत नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याने धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यायचा, आणि कार्यालयाला तो तपासायचा अधिकार.

'कुठल्याही नावाखाली' हे शब्द जरा लक्षात ठेवा. १९५० साली ते लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर कार्डाचं मशीन नव्हतं. पण डोनेशन हेही एक नावच आहे. आजच्या एखाद्या दुकानाला हे कलम कसं लागू होईल तो निवाडा वकिलांनी करावा. आम्हाला त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो.

तिसरा खटला हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचा. ही गिरणी सूत विकताना बिलावर धर्मादा वेगळा दाखवायची आणि त्याचं खातंही वेगळं ठेवायची. आयकर खात्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला हे पैसे द्यावेच लागतात, म्हणजे ही किमतीचाच भाग, म्हणजे गिरणीचं उत्पन्न, कर भरा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. ही रक्कम पहिल्यापासूनच धर्मादायाच्या बंधनासह गिरणीच्या हातात आली. ती मालाची किंमत नाही, आणि गिरणीचं उत्पन्नही नाही. आणि १८९९च्या निकालाबद्दल? व्यापारातल्या वापराने 'धर्मादा' या शब्दाला निश्चित अर्थ आलेला आहे, तो मोघम राहिलेला नाही. म्हणजे शब्दकोशाने काढून घेतलेलं बाजाराने परत मिळवलं.

आता तुमच्यातले पुष्कळ जण विचारतात, आणि अमेरिकेतही हा समज घट्ट आहे, की आपल्या देणगीवर कंपनी स्वतःचा कर वाचवते ना? वरचा निकाल नीट समजून घेतला तर उत्तर त्यातच आहे. जी रक्कम कंपनीचं उत्पन्नच नाही, ती दान केली म्हणून तिच्या स्वतःच्या उत्पन्नावरचा कर कमी व्हायचं कारण नाही. तेव्हा शंका तिथे घेण्यात अर्थ नाही. शंका घ्यायची ती हिशेबाबद्दल. आणि नावाबद्दलही, कारण धनादेशाचा मोठा फलक हातात धरून फोटो निघतो तेव्हा त्यात रांगेतलं कुणी नसतं. संगमरवरी पाटीच ती, फक्त आता फोटोत.

संमतीचा प्रश्नही पुन्हा आलाच. मोबाइलवर जेवण मागवताना किंवा तिकीट काढताना देणगीची चौकट आधीच टिचकी मारून ठेवलेली असते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या तेरा प्रकारांत हा एक आहे: गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय शेवटच्या टप्प्यावर बिलात काहीतरी घुसवणं, आणि त्यात धर्मादाय देणगीचा उल्लेख नावानिशी आहे. वऱ्हाडातल्या त्या गाडीवानाची तक्रार वेगळी काय होती?

मग आम्ही काय करतो? देणं बंद केलेलं नाही. पण काउंटरवर तीन गोष्टी विचारतो: संस्था कोणती, बिलावर तिचं नाव येईल का, आणि वर्षाचा हिशेब कुठे पाहायला मिळेल. उत्तर मिळालं तर आनंदाने देतो. नाही मिळालं तर त्या मुलीवर न चिडता नको म्हणतो, आणि तेवढेच पैसे माहितीच्या संस्थेत नेऊन देतो. रांगेत नको म्हणताना जरा ओशाळं वाटतं, ते खरं आहे. पण विश्वस्ताकडे हिशेब मागण्यात कंजूषपणा नाही. तो दिला पाहिजे हे आपल्याच राज्याने ७५ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अडतीच्या, किराण्याच्या, कापडाच्या जुन्या चोपड्या असतील, तर रद्दीत घालू नका. धर्मादायाचं खातं त्यात कुठे आहे ते पाहा, आणि जमेच्या बाजूला ज्यांचे आणे-पैसे आहेत त्यांची नावं दिसतात का तेही पाहा. पाटीवर जे आलेले नाहीत ते सापडले तर तिथेच सापडतील.

आता प्रश्न घेऊ या.