आजीला न कळणारा धडा

बर्क्विन या फ्रेंच लेखकाचा मुलांकरितां लिहिलेला ग्रंथ इंग्रजीच्या वाटेनें सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या हातीं आला, आणि १८२८ सालीं ‘बाळमित्र’ मराठींत अवतरला. दया व स्नेह शिकविणारें हें वाङ्मय दोन भाषा ओलांडून आलें खरें. सूरजागडच्या डोंगरापाशीं मात्र तें अडलें. तेथें घरची बोली माडिया, शाळेचें पुस्तक मराठी. आजीच्या मायेचा धडा नातवानें वाचून दाखवावा, तर तो आजीलाच पुष्कळदां उमगत नाहीं! धानोरा तालुक्यांतील मोहगावच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं माडियाच्या भगिनीभाषेची, गोंडीची शाळा काढली. चित्रांना भाषेची अडचण नाहीं म्हणावें, तर चित्रांतली आजी नऊवारी नेसून झोपाळ्यावर बसलेली!