कुंपण: इंग्लंडच्या शेतातल्या गाण्यांची गोष्ट

आजचा एपिसोड एका कुंपणाबद्दल आहे. ऐकण्याऐवजी वाचत असाल तर बरंच झालं, कारण सालं आणि आकडे जरा जास्त आहेत.

ऑफिसच्या कामासाठी मी काही आठवडे इंग्लंडमध्ये होतो. टीममधला एक जण म्हणाला, "वीकेंडला काय करतोस? चल, डॉर्सेटमध्ये एका शेतात छोटा म्युझिक फेस्टिवल आहे." गेलो. चार-पाच हजार माणसं, तीन स्टेज, तंबू, चिखल, आणि पोरंबाळं खांद्यावर घेऊन फिरणारे आईबाप. एकही बँड माझ्या ओळखीचा नव्हता, तरी मजा आली.

पण तीन गोष्टी डोक्यात राहिल्या. एक, आत शिरताना बॅग तपासून मनगटावर बांधलेली कापडी पट्टी. दोन, चारही बाजूंनी पत्र्याचं उंच कुंपण. आणि तीन, रात्री ११ला मुख्य स्टेज एकदम बंद. त्यानंतर एका तंबूत सगळ्यांना हेडफोन वाटले. मी मध्येच हेडफोन काढला, तर गाणं गायब! ऐकू येत होते फक्त गवतावरचे पाय आणि बेसूर ओरडणारी दोनशे माणसं.

मी त्या मित्राला विचारलं, आजूबाजूला एवढं मोकळं माळरान आहे, मग हे कुंपण कशाला? तो म्हणाला, "पूर्वी नव्हतं." एवढंच. परत आल्यावर मी वाचत सुटलो. आणि कळलं की या दोन शब्दांमागे भलतीच मोठी भानगड आहे.

१ पौंड आणि फुकट दूध

साल १९७०. सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचं गाव, तिथे वर्दी फार्म. मालक मायकल ईव्हिस, वय ३४, धंदा दुधाचा. वडील गेले तेव्हा तो १९ वर्षांचा होता. तेव्हापासून गाई आणि कर्ज दोन्ही त्याच्या गळ्यात. त्या जूनमध्ये जवळच्या शेप्टन मॅलेटला मोठा ब्लूज फेस्टिवल झाला. लेड झेपलिन वाजवून गेले. ईव्हिसने ते पाहिलं आणि ठरवलं, हे आपल्या शेतातही करायचं. कर्जही फिटेल!

१९ सप्टेंबर १९७०ला त्याचा पहिला फेस्टिवल झाला. आदल्याच दिवशी लंडनमध्ये जिमी हेंड्रिक्स गेला होता. तिकीट १ पौंड, आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. माणसं आली साधारण १,५००. किंक्स येणार होते, ते आले नाहीत. त्यांच्या जागी मार्क बोलन आणि टी. रेक्स आले. कर्ज फिटणं राहिलं बाजूला, उलट तोटाच झाला. बोलनचे पैसे ईव्हिसने नंतर दुधाच्या कमाईतून हप्त्याहप्त्याने चुकवले.

पुढच्या वर्षी अँड्र्यू कर आणि विन्स्टन चर्चिलची नात अ‍ॅराबेला चर्चिल त्याच्या शेतावर आले. त्यांचं म्हणणं, तिकीटच नको. जून १९७१चा 'ग्लास्टनबरी फेअर' पूर्ण फुकट होता. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडची एक दशांश आकाराची प्रतिकृती म्हणून स्टेज उभारलं. पहाटे उजाडता उजाडता डेव्हिड बोवी गायला. तेव्हा त्याचं फारसं नावही झालं नव्हतं.

फुकट का, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. त्यासाठी जरा मागे जाऊ.

गायरान कुणाचं?

आपल्याकडे जसं गायरान, तसं इंग्लंडच्या गावांत 'कॉमन' असायचं. मालक कुणीही असो, गावकऱ्यांना तिथे गुरं चारायचा, सरपण गोळा करायचा हक्क असे. मग १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने पाच हजारांहून जास्त कायदे करून या जमिनींना कुंपणं घातली. इंग्लंडच्या एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा असा खासगी झाला. ती सुंदर हिरवी शेतं आणि त्यांच्या कडेची झुडपांची कुंपणं आपण फोटोत पाहतो ना, त्यातली कितीतरी त्या कायद्यांतून आली आहेत.

१९७०च्या दशकातल्या लांब केसांच्या पोरांना हा इतिहास माहीत होता. ऑगस्ट १९७०मध्ये आयल ऑफ वाइट बेटावरच्या फेस्टिवलला लाखो माणसं आली. तिकीट नसलेले शेजारच्या टेकडीवर बसले, मग कुंपण पाडायला लागले. शेवटी आयोजकांनी हात टेकले आणि जाहीर केलं, या, आता सगळं फुकट! सरकार मात्र हात टेकणारं नव्हतं. १९७१मध्ये खास त्या बेटापुरता कायदा आला: रात्रभर चालणाऱ्या आणि ५,०००हून जास्त माणसांच्या मेळाव्याला परवाना हवा.

१९७२मध्ये बिल ड्वायर या माणसाने थेट राजघराण्याच्या विंडसर ग्रेट पार्कमध्ये फुकट फेस्टिवल भरवला. त्याचं म्हणणं, ही जमीन मुळात लोकांची. ड्वायर स्वतः सरकारी नोकर होता! तीन वर्षं हे चाललं. १९७४मध्ये पोलिसांनी लाठ्या चालवून तो उधळला. त्यावर देशात एवढी ओरड झाली की १९७५मध्ये खुद्द सरकारने वॉचफील्डची एक बंद पडलेली धावपट्टी फुकट फेस्टिवलसाठी देऊ केली. म्हणजे तडजोड शक्य होती. एकदा झालीही होती.

शेंगांच्या शेतातला १ जून

१९७४पासून दर जूनमध्ये, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस गाठून, स्टोनहेंजच्या दगडांपाशी फुकट फेस्टिवल भरू लागला. दहा वर्षांत तो इतका वाढला की १९८४ला हजारोंची जत्रा झाली. जुन्या बस आणि ट्रक घेऊन गावोगाव फिरणारी कुटुंबं त्यातच राहायची. तक्रारीही खऱ्या होत्या: ड्रग्ज, कचरा, पुरातन जागेची नासधूस.

१९८५ला कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. १ जूनला सुमारे १४० गाड्यांचा ताफा तरीही निघाला. वाटेत पोलिसांनी रस्त्यावर खडीचे ढीग ओतून ठेवले होते. गाड्या बाजूच्या शेतात वळल्या आणि अखेर एका शेंगांच्या शेतात अडकल्या. तिथे १,३००च्या आसपास पोलीस घुसले. काचा फोडून माणसांना बाहेर ओढलं. बायका आणि लहान मुलं आत असतानाही काठ्या चालल्या. ज्या बसमध्ये ही माणसं राहत होती, त्या बस म्हणजेच त्यांची घरं होती. तीच फोडली. ५३७ जणांना अटक झाली. या दिवसाला 'बॅटल ऑफ द बीनफील्ड' म्हणतात. 'लढाई' हा शब्द मला पटत नाही, कारण मारणारी बाजू बहुतेक एकच होती.

लोकांच्या बाजूने कोर्टात साक्ष कुणी दिली माहितीये? अर्ल ऑफ कार्डिगन यांनी, म्हणजे तिथल्याच एका जमीनदार सरदार घराण्यातल्या माणसाने. ताफा आदल्या रात्री त्यांच्याच जंगलात उतरला होता, आणि पुढे काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर टीका केली, तरी ते साक्षीवर ठाम राहिले. १९९१मध्ये २१ जणांना मिळून सुमारे २४,००० पौंड भरपाई मंजूर झाली. ती सगळी कोर्टाच्या खर्चात गेली.

ठोके मोजणारा कायदा

तोवर संगीत बदललं होतं. गिटार जाऊन कॉम्प्युटर आणि ड्रम मशीन आली, रेव्ह पार्ट्या सुरू झाल्या. मे १९९२मध्ये पोलिसांनी एक फुकट फेस्टिवल ठरलेल्या जागी होऊ दिला नाही. गाड्यांचे ताफे मग वुस्टरशरमधल्या कॅसलमॉर्टन कॉमनवर पोहोचले. म्हणजे गायरानावरच! २०,००० किंवा त्याहून जास्त माणसं, जवळपास आठवडाभर, दिवसरात्र दणदणाट.

इथे मी गावकऱ्यांच्या बाजूनेही बोलेन. झोप नाही, दारात घाण, मेंढ्यांमागे कुत्री. आपल्या गल्लीत आठ दिवस डीजेची भिंत लागली तर तुम्ही काय कराल?

पण सरकारने जे केलं ते विचित्र होतं. १९९४च्या फौजदारी कायद्यात उघड्यावर रात्री १०० किंवा त्याहून जास्त माणसांसाठी मोठ्याने वाजणाऱ्या संगीतावर कलम आलं. आणि त्यात 'संगीत' या शब्दाची व्याख्या काय? पुन्हा पुन्हा येणारे ठोके ज्यात प्रामुख्याने आहेत, असा आवाजसुद्धा त्यात धरला. संसदेने तालाचीच व्याख्या केली!

ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक जोडीने लगेच त्यावर रेकॉर्ड काढली. त्यातला एक ट्रॅक असा प्रोग्राम केला की ठोक्यांची कुठलीच रांग पुन्हा तशीच येत नाही. रेकॉर्डवर सूचनाही होती: हा वाजवणार असाल तर जवळ एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ ठेवा. कोड लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड निषेध सापडणार नाही. कायदा मात्र तसाच राहिला. २००३मध्ये १००ची मर्यादा २०वर आली.

एक लढाई लोकांनी जिंकलीही. बीनफील्डला दहा वर्षं झाली म्हणून १ जून १९९५ला काही माणसं स्टोनहेंजजवळ रस्त्याकडेला शांतपणे उभी राहिली होती. त्यातल्या दोघांवर खटला झाला. तो सर्वोच्च पातळीवर गेला, आणि १९९९मध्ये निकाल लागला: कुणाला अडथळा न करता रस्त्यावर शांतपणे जमणं हा गुन्हा नाही. पुढच्या वर्षापासून जूनमधल्या त्या रात्री स्टोनहेंज पुन्हा लोकांसाठी खुलं होऊ लागलं.

अंजुणाचं वळण

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडे येतो. फिरस्ती ब्रिटिश मंडळी थंडीत गोव्यात यायची. अंजुणाच्या किनाऱ्यावर रात्रभर वाजणारं संगीत ऐकून परत गेलेल्यांनी लंडनमध्ये 'गोवा ट्रान्स'ची लेबलं काढली. १९९३ला सुरू झालेलं ड्रॅगनफ्लाय त्यातलंच. म्हणजे कॅसलमॉर्टननंतर इंग्लंडमध्ये दारं बंद होत होती, आणि त्याच वर्षांत गोव्याचं नाव तिथल्या रेकॉर्डच्या दुकानांत पोहोचत होतं. पुढे २०००मध्ये आपल्याकडेही ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १०च्या पुढे उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आणि आज गोव्यातही लोक हेडफोन लावून नाचतात.

पुन्हा पत्र्यापाशी

आता परत ग्लास्टनबरीला. तिथलं तिकीट आलं, पण कुंपणावरून उड्या मारणं चालूच होतं. २०००मध्ये परवाना १ लाखाचा होता, आत शिरले अंदाजे त्याच्या दुपटीहून जास्त. पुढच्याच आठवड्यात डेन्मार्कच्या रॉस्किल्ड फेस्टिवलमध्ये चेंगराचेंगरीत ९ जण मेले. २००१ला ग्लास्टनबरी झालाच नाही. २००२ला उभं राहिलं ते चार मीटर उंचीचं पोलादी कुंपण. परवाना टिकला तो त्याच्यामुळे. २००५मध्ये रात्रीच्या आवाजाची मर्यादा सांभाळायला तिथे हेडफोनवाला डिस्कोही आला.

म्हणून मी कुंपणाला सरसकट शिव्या घालणार नाही. डॉर्सेटच्या त्या शेतात आईबाप लेकरांना तंबूत झोपवून निर्धास्त होते, ते त्या पत्र्यामुळेच.

फक्त त्याची किंमत कोण भरतं, ते बघा. १९९८मध्ये ऑक्सफर्डशरच्या स्टीव्हन्टन गावात बेनेट भावांनी ट्रक फेस्टिवल सुरू केला. स्टेज म्हणजे एक उघडा ट्रक. खाण्याचे स्टॉल रोटरी क्लबवाले चालवायचे, आइस्क्रीम गावचा पाद्री विकायचा. असं काही उभं करायला तेव्हा शेत, ट्रक आणि मित्र पुरायचे. आज परवाना, विमा, सिक्युरिटी, आवाज मोजणारा माणूस आणि पत्रा, सगळं आधी विकत घ्यावं लागतं आणि तिकिटाचे पैसे नंतर येतात. मोठ्या कंपनीला हे झेपतं. लहान आयोजक एका पावसाळी वीकेंडमध्ये बुडतो. एकट्या २०२४मध्ये ब्रिटनमध्ये ७०हून जास्त फेस्टिवल रद्द झाले, पुढे ढकलले गेले किंवा कायमचे बंद पडले.

आधी पोलिसांनी फुकट फेस्टिवल संपवले. आता खर्च लहान फेस्टिवल संपवतोय, आणि त्यासाठी काठी लागत नाही, त्यामुळे बातमीही होत नाही. जमीन तीच. तिथे कोण जमू शकतं, हा प्रश्नही तोच.

परत आल्यावर मी त्या मित्राला मेसेज करून विचारलं, पुढच्या वर्षी आहे ना रे? तो म्हणाला, अजून नक्की नाही, आयोजक पैसे जुळवताहेत. ती कापडी पट्टी अजून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला बांधलेली आहे.

तुमच्या जवळपास कुणी स्वतःच्या खिशातून असा एखादा लहानसा कार्यक्रम करत असेल, तर या वर्षी जाऊन या, आणि तिकीट काढून जा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!